रॅलीच्या वाटेवरचं घर

मुलानं नवी गाडी आणली तेव्हा मी दारातच उभी होते, तरी ती आलेली मला कळली नाही. विजेवरची गाडी. आवाज नाही, धूर नाही, वास नाही. मांजरासारखी येऊन समोर उभी राहिली.

"कशी आहे, आई?" मुलानं विचारलं.

"मिक्सर बरा. निदान चालू आहे हे कळतं."

तो हसला, सून हसली. मी चेष्टा करत नव्हते.

इथे अमेरिकेत, ईडन प्रेरी गावात मुलाकडे येऊन मला आता बरीच वर्षं झाली. रस्ते गुळगुळीत, गवत कापलेलं, गाड्या आपापल्या रेषेत. मराठी मंडळाच्या कार्यक्रमाला गेलं की नव्यानं आलेल्या मुली जवळ येऊन बसतात आणि विचारतात, काकू, तुम्हाला कशाची आठवण येते? त्यांना वाटतं मी माहेरचं, देवळाचं, आंब्याचं काहीतरी सांगेन. मी सांगते, रॅलीच्या गाड्यांची. मग त्या जेवणाचं ताट घ्यायला उठतात.

आम्ही या देशात आलो तेव्हा पार उत्तरेला, कॅनडाच्या अंगाला राहत होतो. ह्यांना कागदाच्या गिरणीत फिटरचं काम मिळालं होतं. कोल्हापूरला जे काम करायचे तेच इथे जाड जॅकेट घालून करायचे. घर लाकडी. मागे पाइनची झाडं, पुढे खडीचा कच्चा रस्ता, आणि आमच्या दारासमोरच त्या रस्त्याला एक मोठं वळण. दिवसभरात लाकडांचा एखादा ट्रक आणि टपालाची गाडी एवढंच त्या रस्त्यावरून जायचं. मी चौथी शिकलेली, इंग्रजी येत नव्हतं. हे गिरणीत, मुलगा शाळेत, आणि मी लाकडाच्या शेगडीजवळ. ट्रक गेला तरी मी खिडकीशी जायचे. इतकं ते एकटं होतं.

पहिल्याच वर्षी पानं गळायच्या दिवसांत एक माणूस दारात आला, हातात कागद दिला आणि हसून गेला. संध्याकाळी ह्यांनी वाचून सांगितलं, "शनिवारी रस्ता बंद. इथून गाड्यांची शर्यत जाणार."

"आपल्याला विचारलं का?"

"रस्ता आपला नाही, बाई."

रॅली ही मैदानात गोल गोल फिरायची शर्यत नसते. जंगलातला नेहमीचा रस्ता थोड्या वेळापुरता बंद करतात आणि गाड्या एकामागून एक, मध्ये थोडं अंतर ठेवून सोडतात. कमी वेळात जो बाहेर पडेल तो जिंकला. गाडीत दोघं असतात. एक चालवतो, दुसरा पुढचं वळण कसं आहे ते ओरडून सांगतो. हे सगळं मला पुढे कळलं. पहिल्या वर्षी मला एवढंच दिसलं की आमच्या दारात माणसं आली. टोप्या घातलेली, पोरं खांद्यावर घेतलेली, हात चोळत उभी असलेली माणसं. वर्षभर ज्या रस्त्यावर कुत्रं दिसत नाही तिथे जत्रेसारखी गर्दी. माणसं दारात थंडीत उभी आणि आपण आत बसून चहा प्यायचा, हे मला जमलं नाही. मी मोठ्या पातेल्यात चहा ठेवला. पुढच्या वर्षापासून कांदाभजी काढायला लागले. लोक लांबून विचारत यायचे, "कांद्याचं ते कुठे मिळतं?"

आणि मग गाडी आली.

आधी लांबून गुणगुण ऐकू येते. झाडांत आवाज कुठून येतोय ते समजत नाही. मग शिट्टी, मग बार उडाल्यासारखे ठो ठो. मग पायाखालची जमीन थरथरते आणि ती थरथर पायांतून पोटात चढते. मूल पोटात फिरतं तेव्हा जे होतं त्याच्या जवळपासचं काहीतरी. वळणावर गाडी आडवी यायची. दार पुढे, नाक झाडांकडे, मागच्या नळीतून जाळ. खडी उडून आमच्या पत्र्याच्या छपरावर पडायची. श्वास सोडेपर्यंत ती गेलेली असायची आणि मागे धुरळा, आणि करपलेल्या गुळासारखा एक वास.

भजी काढायला लागले त्या वर्षीही मी हातातला झारा तसाच धरून उभी होते. हे म्हणाले, "भजी जळताहेत." मी म्हटलं, "जळू देत."

त्या काळच्या गाड्यांना ताकद होती आणि अंग नव्हतं. हे म्हणायचे, बैलगाडीला रेल्वेचं इंजिन जोडलंय. चालवणारा जगला तर त्याचं नशीब, बघणारा जगला तर त्याचं. लोक तर रस्त्यातच उभे राहायचे आणि गाडी अंगावर आली की बाजूला व्हायचे. आमच्या वळणावर मात्र एक नियम कडक होता. वळणाच्या बाहेरच्या बाजूला, म्हणजे आमच्या अंगणाच्या त्या कडेला, कुणी उभं राहायचं नाही. गाडी सुटली तर तिकडेच जाणार. लाल पट्टीचं जॅकेट घातलेला एक माणूस सकाळपासून तिथे उभा राहून लोकांना हाकलायचा. त्या मोकळ्या जागेत माझी कपडे वाळत घालायची दोरी होती, तेवढीच.

आमचा सगळ्यात जवळचा शेजारी जंगलातून बराच पुढे राहायचा. ह्यांच्याच गिरणीत, ह्यांच्याच पाळीत होता. उंच, हाडकुळा, बोलायला कमी. तो रॅलीत गाडी चालवायचा. गॅरेजमध्ये स्वतःच्या हातानं बांधलेली गाडी, छोटी, चौकोनी, दिसायला अगदी गरीब. आत त्यानं काय घातलं होतं ते ह्यांना माहीत होतं, कारण काही भाग हे गिरणीतून सुटल्यावर त्याच्याबरोबर बसून घासायचे. आमच्या वळणावर सगळ्या गाड्यांत त्याची गाडी सगळ्यात उशिरा ब्रेक लावायची. लावायची का तेही मला नक्की सांगता येणार नाही.

त्याची बायको माझी मैत्रीण झाली, कारण दुसरं कुणी नव्हतंच. तिला मराठी येत नव्हतं, मला इंग्रजी येत नव्हतं, तरी आम्ही तासन् तास बोलायचो. रॅलीच्या दिवशी ती सकाळीच यायची आणि माझ्या स्वयंपाकघरात रस्त्याकडे पाठ करून बसायची. तिला बघवत नसे. नवऱ्याची गाडी येईपर्यंत ती कपाला हात लावत नसे. मी बाहेर उभी राहायचे आणि गाडी वळण पार करून गेली की ओरडायचे, "गेला!" हा एक मराठी शब्द तिला पक्का आला होता. तो ऐकला की ती चहा प्यायची.

तिला तो घरी बसलेला हवा होता. मला तो रस्त्यावर हवा होता. हे आम्हा दोघींना माहीत होतं आणि आम्ही एकाच टेबलाशी बसायचो.

एका वर्षी शर्यतीच्या आधीच्या आठवड्यात ती दोघं आमच्याकडे जेवायला आली होती. तिनं त्याच्याकडून आमच्यासमोर वचन घेतलं. ज्या दिवशी गाडी रस्ता सोडून बाहेर जाईल, त्या दिवशी गाडी विकायची. त्यानं पोळीचा घास तोंडात असताना मान हलवली.

"असलं वचन आमच्याकडे दारू पिणारे देतात," मी ह्यांना मराठीत म्हटलं.

"काय म्हणाली?" तिनं विचारलं.

"चांगलं वचन आहे म्हणाली," हे म्हणाले.

त्या वर्षी सासूबाई आमच्याकडे आलेल्या होत्या. नऊवारी लुगडं, वर ह्यांचा स्वेटर, पायात ह्यांचे बूट. पहाटे उठायची सवय इथे येऊनही सुटली नव्हती. मी त्यांना आदल्या दिवशी सांगितलं होतं की उद्या दारात पुष्कळ माणसं येणार, दारावरून गाड्या जाणार.

सकाळी मी उठले तेव्हा सासूबाई रिकामी बादली घेऊन आत येत होत्या.

"कुठं गेला होता एवढ्या थंडीत?"

"सडा टाकला. माणसं यायची म्हनतीस आन् दारात ह्यो धुरळा. काय म्हनत्याल लोक?"

"अंगणात टाकला ना?"

"अंगणात बी टाकला, रस्त्यावर बी टाकला. चार बादल्या वतल्या बघ. आता कसं लखलखीत दिसतंय."

लखलखीत दिसत होतं हे खरं. मी खिडकीतून बघितलं आणि कणिक मळायला बसले. ओल्या मातीचं मला काही विशेष वाटलं नाही. आमच्या गावात पाहुणे यायचे म्हटलं की सडा पडायचाच. ह्यांची सकाळची पाळी होती, ते पहाटेच कामावर गेले होते. वळण पाइनच्या सावलीत होतं. तिथे ऊन दुपारशिवाय पोचत नसे, आणि त्या रात्री पाणी गोठेल इतकी थंडी पडली होती. लाल पट्टीवाला आला तेव्हा लोकांना आतल्या बाजूला हाकलत होता. रस्त्याकडे त्याची पाठ होती. रस्ता तपासणारी गाडी आली ती हळू आली, हळू गेली.

आदल्या दिवशी दुसऱ्या रस्त्यावर झालेल्या फेरीत शेजारी सगळ्यांच्या पुढे होता, म्हणून त्या सकाळी पहिली गाडी त्याचीच सुटली. त्याची बायको आत शेगडीकडे तोंड करून बसलेली. मी बाहेर दारातल्या ओट्यावर झारा घेऊन उभी. सासूबाई माझ्या मागे.

गुणगुण आली. शिट्टी आली. ठो ठो आलं. गाडी आडवी झाली, नेहमीसारखीच, आणि मी "गे" म्हणायला तोंड उघडलं. ती आडवीच पुढे येत राहिली. चाकांचा खडीवरचा आवाज एकदम गेला. फक्त इंजिन ओरडत होतं. गाडी रस्त्याकडेच्या चराच्या वरून उडाली, दोरीचा खांब मोडला, आणि आमच्या अंगणात येऊन थांबली. सासूबाईंचं आदल्या दिवशी वाळत घातलेलं लुगडं, फळीसारखं कडक झालेलं, पुढच्या काचेवर बसलं.

"माझं लुगडं!" सासूबाई ओरडल्या.

दार उघडून शेजारी बाहेर आला. हात होते, पाय होते, डोकं होतं. वळणं ओरडून सांगणारा माणूसही बाहेर आला आणि दोघं गाडीभोवती पळायला लागले. नियम तोडून आतल्या बाजूची सगळी माणसं धावत आली. तिथली रीतच तशी. गाडी रस्त्याबाहेर गेली की बघायला आलेली माणसं तिला ढकलून परत रस्त्यावर लावतात. मग ती कुणाची का असेना.

स्वयंपाकघराचं दार आपटलं. ती बाहेर आली. मला वाटलं ती रडेल, नाहीतर त्याच्या तोंडात मारेल. मी मारली असती. तिनं आधी काचेवरचं लुगडं ओढून काढलं आणि सासूबाईंच्या अंगावर टाकलं. मग पुरुषांच्या मध्ये घुसली, गाडीच्या मागे खांदा लावला आणि ढकलायला लागली. शेजारी परत आत बसला होता, चाकं फिरत होती, चिखल तिच्या तोंडावर उडत होता, आणि ती सगळ्यांपेक्षा मोठ्यानं ओरडत होती, "गो! गो!" त्यानं आरशात तिला बघितलं. मी त्याचे डोळे बघितले म्हणून सांगते. गाडी चर ओलांडून रस्त्यावर चढली, मागून एक जाळ निघाला आणि ती गेली.

"गेला," मी म्हटलं. या वेळी ती माझ्या शेजारीच उभी होती.

लाल पट्टीवाल्यानं रस्त्याला हात लावून बघितला आणि आमच्या घराकडे बघितलं. मी शेगडीतली राख घमेल्यात भरून नेऊन त्या बर्फावर फेकली. पुढची गाडी आली तेव्हा तो दोन्ही हात हलवत रस्त्यात उभा होता. कुणी मेलं नाही. मरू शकलं असतं. हे मी तेव्हाही जाणून होते.

नंतर मी तिला हातवारे करून विचारलं, तू का ढकललंस? तुझं तर कामच झालं होतं. ती म्हणाली, "मागून दुसरी गाडी येत होती ना." ते कारण खरंच आहे. तेवढंच होतं की आणखी काही, ते मला कधी कळलं नाही.

संध्याकाळी दोघं आमच्याकडे आली. अंगावर अजून चिखल. त्यानं चहाचा कप घेतला आणि ह्यांना सांगितलं, "गाडीला गिऱ्हाईक बघायला हवं."

ती कपात बघत राहिली. मी बोलले. ह्यांना म्हटलं, माझं जसंच्या तसं सांगा त्याला. रस्त्यावर पाणी माझ्या सासूनं टाकलं. गाडी त्याच्या चुकीनं गेली नाही. हे वचनात धरायचं नाही.

"अगं, तू कशाला मध्ये पडतेस?" हे म्हणाले.

"सांगा म्हटलं ना."

ह्यांनी सांगितलं. शेजाऱ्यानं विचारलं, रस्त्यावर पाणी कशाला टाकायचं? ह्यांनी समजावलं की पाहुणे येणार असले की आमच्याकडे दारासमोर पाणी शिंपडतात, धूळ बसावी म्हणून, मान म्हणून. तो आधी बघत राहिला आणि मग इतका हसला की चहा पँटवर सांडला. उठून सासूबाईंसमोर वाकला आणि थँक यू म्हणाला. सासूबाई म्हणाल्या, "काय म्हनतोय? लुगडं भरून देनार हाय का?"

हसून झाल्यावर तो बायकोकडे वळला. "रस्ता म्हणजे रस्ता," तो म्हणाला. "ओला असो, कोरडा असो. मी बाहेर गेलो."

तिनं माझ्याकडे बघितलं. मी तिच्या नवऱ्याला परत त्या गाडीत बसवायला निघाले होते, माझ्या बघण्याच्या हौसेपायी, आणि तिला ते स्वच्छ कळलं होतं. त्या हिवाळ्यात ती आमच्याकडे आली नाही. बर्फ वितळल्यावर आली, भोपळ्याच्या बिया घेऊन. आम्ही त्यावर पुन्हा बोललो नाही.

गाडी दुसऱ्या राज्यातला कुणी घेऊन गेला. पुढच्या वर्षी शेजारी आमच्या अंगणात खिशात हात घालून उभा होता, हातावर भजी, बाकीच्यांसारखा. त्याची बायको पहिल्यांदाच बाहेर उभी राहिली आणि तिनं सगळ्या गाड्या बघितल्या. तिला आवडल्या. मी मात्र दर गाडीला नंतरची वाट बघत होते. अजून एक यायची आहे असंच वाटत राहिलं, शेवटची गाडी जाऊन रस्ता उघडला तरी. त्यानंतर थोड्याच काळात तसल्या गाड्यांवर बंदी आली. जगात कुठे कुठे माणसं मेली होती, बघणारीसुद्धा. बंदी घातली ते बरोबर केलं. मुलगा म्हणतो, "आई, त्या गाड्या म्हणजे डेथ ट्रॅप होत्या." मी म्हणते, होत्या. मला अजून एकदा ती आडवी येताना बघायची आहे.

सासूबाई गेल्या, मग हे गेले. मुलानं मला इकडे आणलं. घर विकलं. शेजारीण दर रविवारी फोन करते. मला आता इंग्रजी बरं येतं, तिला ऐकू कमी येतं, म्हणजे गाडं पुन्हा पहिल्यासारखंच.

गेल्या पानगळीत मुलगा मला तिकडे घेऊन गेला. दोघं आहेत, म्हातारी झाली आहेत. तो आणखी हाडकुळा झाला आहे. जेवण झाल्यावर तो म्हणाला, चला, तुमचं घर बघून येऊ. मुलगा झोपला होता. आम्ही तिघं त्याच्या जुन्या पिकअपमध्ये बसलो, तो चालवायला, मी मध्ये, ती खिडकीशी. रस्ता अजून खडीचाच आहे. झाडं वाढली आहेत. समोरून कुणी येत नव्हतं, मागून कुणी येत नव्हतं. वळण दिसायला लागलं तशी मी काचेखालच्या फळीला हात लावला. तिनंही लावला, ते मी बघितलं.

तो वाळलेल्या हातांनी स्टिअरिंग धरून सरळ बसला होता. वेग अजून कमी केला. मग त्यानं वळणाचा दिवा लावला. त्या रिकाम्या जंगलात टक टक असा आवाज यायला लागला, आणि आम्ही आपल्या बाजूनं, अगदी कडेला धरून, हळू वळलो.

"हळू का?" ती म्हणाली. हे मी विचारायला हवं होतं. तिनं विचारलं.

"तू सांगितलं होतंस," तो म्हणाला.

ती खिडकीबाहेर बघायला लागली. आमच्या जुन्या घराच्या अंगणात कुणाची तरी बोट ताडपत्रीखाली झाकून ठेवली होती. आम्ही थांबलो नाही.